मिस्ट्रेस, मॅडम, लेडी, मिस: बायकांसाठीचे इंग्रजी शब्द नेमके कुठे वापरायचे?

अंत्रुजची

मंडळी, थोडं लांब लिहिणार आहे, कारण गोष्ट मनाला लागली आहे.

मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेला यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. स्मरणिका निघणार आहे, पूर्वी शिकवून गेलेल्या सगळ्या बाईंचा सत्कार आहे. बऱ्याच जणींची नातवंडं इंग्रजी शाळेतली, काहींची मुलं पोर्तुगालला नाहीतर इंग्लंडला. म्हणून आमंत्रण मराठीबरोबर इंग्रजीतही काढायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. 'हेडमिस्ट्रेस' हा शब्द आमच्याकडे दारावरच्या पाटीवर आहे, शिक्क्यावर आहे. तेव्हा मी बिनधास्त 'आमच्या शाळेच्या सर्व माजी मिस्ट्रेसेस' असं लिहिलं आणि नमुन्याची प्रत मडगावला एका बाईंच्या घरी पाठवली. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. माझा हात धरून पाटीवर 'ग' गिरवून घेतला तो त्यांनी. त्यांच्या नातसुनेनं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं आणि त्या शब्दापाशी ती थांबली. संध्याकाळी तिचा फोन आला. "टीचर, आजीला मी काही सांगितलं नाही. पण छापायच्या आधी तेवढा शब्द बदला. एकटा आला की आता त्याचा अर्थ ठेवलेली बाई असाच घेतात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांना मान द्यायचा त्यांनाच मी हे काय लिहिलं!

दुसऱ्या दिवसापासून शब्दकोश चाळते आहे. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ सालचा. त्यात मिस्ट्रेसचे अर्थ दिलेत ते असे: सत्ता चालवणारी स्त्री, एखाद्या विद्येत तरबेज असलेली स्त्री, शिकवणारी, जिच्यावर कुणाचं प्रेम आहे ती, आणि शेवटी रखेल. म्हणजे एकाच शब्दात राणीपासून रखेलीपर्यंत सगळं तेव्हाच होतं. पुढच्या काळात वरचे अर्थ गळत गेले आणि खालचा उरला. 'मास्टर'चं मात्र काही बिघडलं नाही. तो पदवीत आहे, कारागिराच्या नावात आहे, 'मिस्टर'मध्ये आहे. आणि ज्या 'मिसेस' आणि 'मिस'ला आपण इतके जपतो, ते दोन्ही ह्याच मिस्ट्रेसचे तुकडे! पूर्वी 'मिसेस' प्रतिष्ठित अविवाहित बाईलाही लावत. लग्नाशी त्याची गाठ नंतर पडली.

तर माझी विनंती अशी. मॅडम, मॅम, लेडी, वूमन, फिमेल, मिस, मिझ (Ms), आंटी ह्यांतलं काय केव्हा मानाचं आणि काय केव्हा खटकणारं, हे ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांनी सांगा. स्मरणिकेत मला पुन्हा चूक करायची नाही.


मांडवीकाठ

ताई, आधी हे सांगते की 'हेडमिस्ट्रेस' मध्ये काही वाईट नाही. तो शब्द अजून पदाचा आहे. 'पोस्टमिस्ट्रेस' सुद्धा. 'मिस्ट्रेस' एकटा उभा राहिला की मात्र अर्थ फिरतो.

मी पणजीत एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला अकरा वर्षं आहे. समोर रोज दहा देशांच्या बायका येतात, तेव्हा माझा अनुभव लिहिते.

'मॅडम' आमच्याकडे सर्रास चालतो. भारतीय पाहुण्यांना आवडतो, ब्रिटिशांना औपचारिक वाटतो पण खटकत नाही. 'मॅम' अमेरिकन बायकांच्या बाबतीत जपून. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत तो संस्काराचा भाग आहे, मुलं आईलासुद्धा 'येस मॅम' म्हणतात. तिथल्याच दुसऱ्या भागातली पस्तिशीची बाई मात्र 'मी एवढी म्हातारी दिसते का?' असं विचारते. माझ्याशी हे दोनदा झालंय. तेव्हापासून मी नोंदीत आडनाव बघते आणि 'मिझ' लावून आडनाव घेते. त्यात कुणाचंच मन दुखत नाही.

'लेडी'चं एक लक्षात ठेवा. तिसऱ्या माणसाला सांगताना 'ह्या लेडीला खोली दाखव' हे अदबीचं. समोरच्या बाईला 'लेडी' म्हणून हाक मारणं उद्धट. नव्या मुलांना हा फरक सांगून सांगून मी थकले होते. मग मी मराठीतून सांगायला लागले: 'त्या बाईंना पाणी दे' आणि 'ए बाई, पाणी घे' ह्यात जो फरक, तोच. लगेच कळलं.

आणि 'गर्ल्स'. हाउसकीपिंगमधल्या पन्नाशीच्या बायकांनाही आमच्याकडे 'गर्ल्स' म्हणायचे. त्यांच्यातल्या एकीला दोन नातू आहेत. मी ड्युटीच्या तक्त्यावर प्रत्येकीचं नाव लिहायला सुरुवात केली. आता नावानंच हाक मारतात.


तिसवाडीकर

अंत्रुजचीताई, तुमची तळमळ कळते, पण मला वाटतं आपण शब्दांना फार डोक्यावर घेतो. मनात आदर असला की शब्द कुठलाही चालतो. मासे घेऊन दारावर येणारी माझ्या आईला 'गे बाय' म्हणते, त्यात माया आहे. आणि 'मॅडम मॅडम' करत फसवणारेही मी पाहिलेत. बोलणाऱ्याची नियत बघावी.


सेगुंदग्राव

मी जुन्या राजवटीत पोर्तुगीज शिकलेला, सेगुंद ग्राव म्हणजे दुसऱ्या टप्प्यापर्यंत. वय ऐंशीच्या पलीकडे. नात टंकते आहे, मी सांगतो आहे.

इंग्रजी मॅडम म्हणजे फ्रेंच 'मा दाम', माझी स्वामिनी. तिचं मूळ लॅटिन 'दोमिना', घराची मालकीण. त्याच दोमिनापासून पोर्तुगीजांचा 'दोना' झाला. आपण रोज 'दोनापावला' म्हणतो, त्यात दोन पावलांचा संबंध नाही. पावला नावाच्या पोर्तुगीज बाईला लावलेला तो आदराचा शब्द आहे. म्हणजे पणजीजवळ समुद्राला भिडलेलं ते सगळं टोक एका 'मॅडम'च्या नावानं ओळखलं जातं.

पोर्तुगीजांची एक रीत मला इंग्रजीपेक्षा जवळची वाटे. दोना लावायचा तो पहिल्या नावाला: दोना मारिया, दोना आना. आपलंही तसंच, सुमतीबाई, कमलताई. इंग्रजीत मिसेस, मिस, मिझ हे आडनावालाच लागतात. 'मिस सुनीता' हे आपण गोव्यात करतो, इंग्रजाच्या कानाला ते मोलकरणीला किंवा बालवाडीच्या बाईला हाक मारल्यासारखं लागतं. स्मरणिकेत त्यांचे सन्मान लावायचे असतील तर आडनावासकट लावा.

दुसरी गोष्ट. पोर्तुगालमध्ये 'रापारीगा' म्हणजे साधी तरुण मुलगी. आमच्या पुस्तकात तो शब्द होता. तोच शब्द ब्राझीलमध्ये, विशेषतः ईशान्य भागात, वेश्येसाठी वापरतात. भाषा तीच, लिपी तीच, मध्ये फक्त समुद्र. तेव्हा तिसवाडीकर, तुमची नियत कितीही चांगली असली तरी ऐकणाऱ्याच्या गावात त्या शब्दाचं काय झालंय हे माहीत असायला हवं.


स्विंडनकर

नमस्कार. मी मूळची डिचोलीची, बारा वर्षं इंग्लंडात स्विंडनला आहे. इथे गोंयकार इतके आहेत की बाजारात कोकणी ऐकू येते. मी इथल्या शाळेत मदतनीस शिक्षिका आहे.

इथे मुलं शिक्षिकेला 'मिस' म्हणतात. साठीची, तीन मुलांची आई असली तरी 'मिस'च. पुरुष शिक्षकाला 'सर'. पहिल्या वर्षी मला त्यात काही वाटलं नाही. मग आमच्या एका शिक्षिकेनं स्टाफरूममध्ये विषय काढला. 'सर' ही नाइटला मिळणारी पदवी आणि 'मिस' म्हणजे लग्न न झालेली पोर. एकाच वर्गातल्या दोन शिक्षकांना ही दोन मापं का? तेव्हापासून मलाही ते टोचतं. गोव्यात आम्ही बाईंना आणि गुरुजींना हाक मारायचो त्यात असं उणंअधिक नव्हतं. आणि हल्ली तिथे सगळ्यांना 'टीचर' म्हणतात, तो शब्द तर मला फार आवडतो. त्यात बाई-पुरुष नाही, लग्न नाही, फक्त काम आहे.

'मिझ'बद्दल इथे राहून जे वाचलं ते सांगते. हा शब्द आपल्याला नवा वाटतो, पण १९०१ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका वर्तमानपत्रात त्याची सूचना छापली होती. कारण अगदी व्यवहारातलं. बाईचं लग्न झालंय की नाही हे माहीत नसताना तिला काय म्हणायचं? कुणी मनावर घेतलं नाही. साठ वर्षांनी शीला मायकल्स नावाच्या तरुणीला आपल्या मैत्रिणीला आलेल्या टपालावर तो दिसला, आणि तिनं त्याचा पाठपुरावा केला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनम आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्याच नावाचं मासिक काढलं तेव्हा तो घरोघर पोचला. तरीही 'न्यू यॉर्क टाइम्स'नं तो १९८६ पर्यंत छापला नाही. १९८४ साली जेराल्डिन फेरारो अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी उभी होती. तिच्या नवऱ्याचं आडनाव झकारो, तिनं स्वतःचं फेरारो ठेवलेलं. तर ते वर्तमानपत्र तिला 'मिसेस फेरारो' म्हणत राहिलं. मिसेस फेरारो म्हणजे खरं तर तिची आई झाली!

आणि तिसवाडीकर, तुमच्या त्या नियत बघण्याबद्दल. इथला बसवाला 'थँक यू, लव्ह' म्हणतो. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्याच्या मनात काही नव्हतं. तो आजोबांनाही 'लव्ह' म्हणतो. पण सासूबाईंना ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, आणि ती चूक माझी.


कारकून_म्हापसा

मी वकिलाच्या ऑफिसात आहे. 'लव्ह' वरून आठवलं. २०२४ साली कलकत्ता उच्च न्यायालयासमोर अंदमानातलं एक प्रकरण आलं होतं. दारू प्यायलेल्या माणसानं बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाला 'डार्लिंग' म्हटलं. न्यायालयानं म्हटलं की अनोळखी स्त्रीला, मग ती पोलीस असो वा नसो, रस्त्यावर डार्लिंग म्हणणं हे लैंगिक छळातच येतं. घरात हाच शब्द प्रेमाचा आहे. म्हणजे कायदाही शब्दाबरोबर माणसं आणि जागा बघतो.

सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये एक पुस्तिका काढली, न्यायाधीशांनी आणि वकिलांनी बायकांविषयी कुठले शब्द टाळावेत ह्याची. अंत्रुजचीताई, 'मिस्ट्रेस' त्यात आहे. 'हाउसवाइफ'च्या जागी 'होममेकर' म्हणा, 'स्पिन्स्टर'च्या जागी 'अविवाहित स्त्री', 'ईव्ह टीझिंग'च्या जागी रस्त्यावरचा लैंगिक छळ, आणि 'करिअर वूमन'च्या जागी नुसतं 'वूमन'. ही शेवटची सूचना मला सगळ्यांत पटली. 'करिअर मॅन' कोण म्हणतो?

'स्पिन्स्टर' म्हणजे मुळात सूत कातणारी. हाताला काम असलेली, स्वतःच्या कमाईवर जगणारी. इंग्लंडच्या कागदपत्रांत तो अविवाहित स्त्रीसाठी रूढ झाला आणि मग 'लग्न राहून गेलेली' असा टोमणा झाला. तिथल्या विवाह नोंदणीतून 'बॅचलर' आणि 'स्पिन्स्टर' हे दोन्ही २००५ साली काढले, आता दोघांनाही 'सिंगल' लिहितात. आमच्याकडच्या जुन्या पोर्तुगीज दस्तांत 'सोल्तेरा' असतं. पुरुषाला 'सोल्तेरु', बाईला 'सोल्तेरा'. वजन दोन्हींचं सारखंच.

इथे गोव्याची एक अडचण सांगायलाच हवी. आपल्या नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे विक्रीखतात बाई विवाहित की अविवाहित हे लिहावंच लागतं आणि जोडीदाराची सही लागते. तिथे 'मिझ' लिहून भागत नाही. पण तीच माहिती पुरुषाबद्दलही तितकीच लागते. म्हणून मी मसुद्यात दोघांच्याही नावापुढे 'विवाहित' किंवा 'अविवाहित' असं सरळ लिहितो आणि नावाच्या आधी मिस-मिसेस काहीच लावत नाही. साहेबांनी आजवर ते खोडलेलं नाही.


सत्तरीची सून

मला 'लेडीज' बद्दल बोलायचंय. वाळपईहून रोज बसनं जाते. कंडक्टर म्हणतो, "फुडें सरात, एक लेडीज चडटा." एक लेडीज! आपल्याकडे तो एकवचनच झालाय, आणि मला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. तो शब्द आता आपला झाला. पण लिहिताना कृपा करून 'लेडी' आणि 'लेडीज' वेगळे ठेवा.

राग येतो तो 'फिमेल'चा. मी दवाखान्यात काम करते. 'फिमेल वॉर्ड' ठीक आहे, ते विशेषण आहे. पण 'एक फिमेल आलीय, पोटात दुखतंय' असं म्हटलं की मला गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. इंग्रजीतही नाम म्हणून तो जनावरांच्या किंवा पोलिसी नोंदीच्या भाषेतला वाटतो. आमच्या डॉक्टर मॅडमनी एकदा सांगितलं ते मला फार आवडलं. 'फिमेल' हा 'मेल'वरून झालेला नाही. त्याचं मूळ लॅटिन 'फेमेला', म्हणजे छोटी स्त्री. नंतर 'मेल'शी जुळवून लोकांनी त्याचं स्पेलिंग बदललं. 'वूमन'चंही तसंच. जुन्या इंग्रजीत 'वीफ' म्हणजे स्त्री आणि 'मन' म्हणजे माणूस. वीफमन, स्त्री-माणूस.


अंत्रुजची

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! सत्तरीची सून, तुमच्या 'वीफ' वरून मला आपलंच आठवलं. त्याच वीफचा पुढे 'वाइफ' झाला. 'मिडवाइफ' मध्ये बायकोचा संबंध नाही, ती बाळंतिणीसोबत असणारी स्त्री. आणि आपल्या मराठीत 'बायका' म्हणजे स्त्रिया, पण एकवचनात 'बायको' म्हणजे पत्नी. कोकणीत 'बायल' दोन्हीला. 'म्हजी बायल' म्हणताना त्यात प्रेम असतं, आणि मराठीत 'बायल्या' ही शिवी. इंग्रजांची 'फिशवाइफ' म्हणजे मासे विकणारी, आणि तीच आता भांडकुदळ बाईसाठी शिवी. आपल्या नुस्तेंकान्नीला पहाटे उठून, डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव जाताना पाहिलेल्या माणसाला ती शिवी कशी वाटेल?

'लेडी'चं मूळ मिळालं ते सांगायचं राहिलं: पिठाची कणीक मळणारी. आणि 'लॉर्ड' म्हणजे पावाची राखण करणारा. म्हणजे दोन्ही पदव्या स्वयंपाकघरातून आल्या.


सूरवेडी

अंत्रुजचीताई, तुम्ही जो मिस्ट्रेसचा घसरता प्रवास सांगितलात तो वाचताना मला आपला एक शब्द सारखा आठवत होता. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

नायक आणि नायकीण.

नायक म्हणजे पुढारी. त्याचं स्त्रीलिंग गोव्यात कशासाठी वापरलं गेलं हे जुन्या माणसांना सांगायला नको. मास्टर-मिस्ट्रेसची जी गत झाली तीच. इंग्रजीत 'कोर्टियर' म्हणजे दरबारी आणि 'कोर्टिझन' म्हणजे गणिका, त्याचीही तीच. आमच्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी देवळात, मैफिलीत गाणं जपलं, आणि समाजानं त्यांच्यासाठी जे शब्द ठेवले त्यांचं ओझं त्यांच्या नातवंडांनी वाहिलं. मी त्याच समाजातली आहे. आजीच्या बाबतीत मी लहानपणी काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

पण एक शब्द आमच्या बायकांनी वर नेला: 'बाई'. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. केसरबाईंचं 'जात कहाँ हो' १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांच्या तबकडीवरून सूर्यमालेबाहेर निघालं. शहरात आज 'बाई' म्हणजे धुणीभांडी करणारी एवढाच अर्थ घेतात, 'आमची बाई आली नाही' म्हणतात. गाणं ऐकणाऱ्या माणसानं 'बाई' म्हटलं की मात्र अजून हात कानाला जातो.


कळंगुटची

'आंटी' राहिला. मुंबईत दारूबंदीच्या काळात आमच्याच गोव्याच्या आणि ईस्ट इंडियन (मुंबईच्याच मूळच्या) ख्रिस्ती बायकांनी घरात गुत्ते चालवले. विधवा, एकट्या, पोरं शिकवायची होती. त्या 'आंटी'. 'आंटीकडे जाऊन आलो' ह्याचा अर्थ तेव्हा दारू प्यायला असा व्हायचा. माझी एक चुलत आजी त्यातली. इंग्रजीत आंटी म्हणजे मावशी-आत्या-काकू, आणि परकीला तसं म्हणत नाहीत. आपण म्हणतो, आपलेपणानं. पण हल्ली चाळिशीच्या बाईला 'आंटी' म्हणणं चिडवणं झालंय. दुकानात मला 'ताई' म्हणाल तर बरं वाटेल, 'आंटी' म्हणाल तर मी निघून जाईन. हे अगदी मनापासून सांगते.


मांडवीकाठ

'गव्हर्नर'चं उदाहरण कुणी दिलं नाही. 'गव्हर्नेस' म्हणजे श्रीमंताघरी राहून मुलांना शिकवणारी. मृदुला सिन्हा २०१४ ते २०१९ गोव्याच्या राज्यपाल होत्या. त्यांना सगळीकडे गव्हर्नरच म्हटलं, आणि ते योग्यच होतं. म्हणून पदाचं नाव असेल तिथे स्त्रीलिंग शोधत बसू नये. 'लेडी डॉक्टर' नको, डॉक्टर म्हणा. मराठीत 'डॉक्टरीणबाई' म्हटलं की डॉक्टरची बायको की स्वतः डॉक्टर हेच कळत नाही.


कारकून_म्हापसा

आणि आपल्या शशिकला काकोडकर १९७३ ते १९७९ मुख्यमंत्री. त्यांना लोक 'ताई' म्हणत. वडील भाऊसाहेब (गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर), लेक ताई. त्यात कुणाला पदाचा मान कमी झाल्यासारखं वाटलं नाही. इंग्रजीत 'सिस्टर' म्हणून हे साधलं नसतं.


तिसवाडीकर

दोन दिवस सगळं वाचतोय. मी वर जे लिहिलं त्याबद्दल मला काही सांगायचंय.

वडील गेले त्याला सहा वर्षं झाली. वर्षाच्या आत जवळच्या नात्यातली एक लग्नपत्रिका आली. आईच्या नावाआधी आयुष्यभर 'सौ.' होतं, त्या पत्रिकेवर 'गं. भा.' होतं. गंगाभागीरथी. शब्द किती पवित्र! पाठवणाऱ्याच्या मनात आदरच होता, मला शंका नाही. आईनं पाकीट वाचलं, पुन्हा बंद केलं आणि देवघरातल्या फळीवर ठेवलं. लग्नाला गेली नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात विधवांसाठी सरकारी पातळीवर तोच शब्द वापरायचा प्रस्ताव आला आणि ओरड झाली, तेव्हा मी चिडून म्हणालो होतो की लोकांना चांगला शब्दही चालत नाही. आई तेव्हा शेजारीच बसली होती. काही बोलली नाही.

काल मी तिला विचारलं, पाकिटावर काय लिहिलेलं आवडलं असतं? ती म्हणाली, "माझं नाव."


स्विंडनकर

तिसवाडीकर, वाचून डोळे भरले. आईंना माझा नमस्कार सांगा.

ह्याच कारणासाठी फ्रान्सनं २०१२ साली सरकारी अर्जांतून 'मादम्वाझेल' (त्यांचा 'मिस') काढून टाकला आणि सगळ्यांना 'मादाम' केलं. जर्मनांनी 'फ्रॉइलाइन' त्याच्या खूप आधी सोडला. 'श्रीमती'चं आपण तसं करू शकलो असतो. मुळात तो श्रीमानचं स्त्रीलिंग, सरकारी पत्रात सर्व बायकांना लावतात, पण मराठी घरात तो विधवेचा समजतात. माझ्या बहिणीला लग्नानंतर बँकेचं पत्र 'श्रीमती' म्हणून आलं तर तिच्या सासरी दोन दिवस तणाव होता.


सेगुंदग्राव

पत्राचा एक नियम राहिला. नाव माहीत नसेल तर 'डिअर मॅडम' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली'. नाव घातलं असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. हल्ली 'डिअर मॅम' लिहितात, ते करू नका. मॅम तोंडी शब्द आहे. इंग्लंडच्या राणीला तो म्हणत आणि उच्चार 'जॅम'शी जुळवा म्हणून ताकीद असे, पण पत्रावर तो शोभत नाही.


अंत्रुजची

काल मडगावला जाऊन आले. न सांगता राहवेना, म्हणून बाईंपुढे बसून सगळं सांगितलं, मिस्ट्रेसचा अर्थसुद्धा. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'असिस्टंट मिस्ट्रेस' असंच आहे. मी तो जपून ठेवलाय. माझ्या पहिल्या पगाराचा शब्द तो." कागद काढून दाखवला. घडीवर पिवळा पडलाय, पण शिक्का स्पष्ट आहे. त्यांच्या परवानगीनं त्याचा फोटो स्मरणिकेत घेतेय, शब्द आहे तसा.

आमंत्रणात मात्र 'फॉर्मर टीचर्स' असं लिहितेय. नावांआधी काय लावायचं ते प्रत्येकीला फोन करून विचारलं. चौघींनी 'मिसेस' सांगितलं, त्यांना ते हवंय, तर तेच. दोघींनी 'मिझ'. एका टीचरनी 'डॉक्टर', निवृत्तीनंतर त्यांनी पीएचडी केली हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! आणि मडगावच्या बाई म्हणाल्या, "इंग्रजीतसुद्धा नावापुढे बाई लिही. न कळणाऱ्यांना माझी नातवंडं सांगतील."

सोमवारी छपाईला जातंय. 'मिझ'च्या मागे टिंब द्यायचं की नाही, तेवढं कुणी सांगाल का?


कारकून_म्हापसा

ब्रिटिश पद्धतीत टिंब नाही, अमेरिकन पद्धतीत आहे. 'मिसेस'ला जे कराल तेच 'मिझ'ला करा, आणि शेवटचं प्रूफ मला पाठवा, मी बघून देतो.